म्हैस सोडण्याचा अर्ज

वाशिमकडल्या मालेगावच्या बाजारओळीत बदरुद्दीन कापडवाल्यानं मोजून दिलेलं कापड घरी जाऊन कोणी पुन्हा मोजत नसे, एवढी त्याची इज्जत. गिऱ्हाईक दारात आलं तरी तो लगेच मान वर करायचा नाही. घाईनं मान वर करणं हे त्याच्या मते किरकोळ दुकानदाराचं लक्षण होतं. दाढी मेंदीनं रंगवलेली, शेरवानीची गुंडी ऐन उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत लावलेली. आणि हाच माणूस रोज सकाळी फजरची नमाज पढून घरी आला, की मुलीची हिरवी ओढणी डोक्यावरून घेई, हनुवटीखाली तिची गाठ मारी आणि बादली घेऊन म्हशीखाली बसे.

यात शौकाचा भाग काही नव्हता. म्हशीचं नाव चांदनी. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदनी. ती आठ दिवसांची असताना तिची आई मेली, आणि बदरुद्दीनच्या एकुलत्या एका मुलीनं, सरवरीनं, दुधात चिंधी बुडवून ती तिला चोखवून जगवली. म्हैस मोठी झाली, व्यायली, पण धार काढायला सरवरीशिवाय कोणाला जवळ येऊ देईना. पुढे सरवरीचं लग्न झालं. जावई दिलावर, अकोल्याच्या स्टेशनावर पार्सल क्लार्क. रेल्वेच्या क्वार्टरात माणसांनाच वळायला जागा नाही, तिथं म्हैस कुठं नेणार? सरवरी मोटारीत बसून गेली, आणि तिसऱ्या दिवशी चांदनीनं दूध चोरलं.

हेमला नावाचा गवळी आला. "म्हस काय चीज हाये, मी वाघिनीची धार काढीन," असं बोलून तो खाली बसला. त्याची बादली कौलावर सापडली. तो स्वतः कडब्यात सापडला. तेव्हा गोविंदसिंगानं उपाय सांगितला. गोविंदसिंग म्हणजे किन्हीराजाकडच्या तांड्याचा नाईक. दर बाजाराला लाकडाची मोळी घेऊन यायचा आणि ती विकेपर्यंत बदरुद्दीनच्या ओट्यावर बसायचा. गुराढोरांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

"जनावर तोंड नाई पाहत, बदरूभाई," तो म्हणाला. "वास पाहते. पोट्टीचं एखादं कापड आंगावर घ्या आन बसा."

बदरुद्दीनच्या बायकोनं, अमीनाबीनं, पेटीतून ओढणी काढली. पण तिचे गुडघे गेलेले. एकदा खाली बसली तर तिला उठवायला दोन बाया लागत. राहिला कोण? बदरुद्दीन. त्यानं आधी दार लावून घेतलं, मग खिडकी, मग ओढणी घेतली. चांदनीनं त्याला हुंगलं, मान फिरवली, आणि विचार करून पान्हा सोडला.

धार काढताना तो तिच्या पोटाला कपाळ टेकून हळूहळू बोलत असे. "सरवरीचं पत्र आलं बरं. खुशाल हाये. तिकडं नळाचं पानी हाये म्हने, शेंदावं नाई लागत." ओढणीला अजून सरवरीच्या केसांच्या तेलाचा वास होता. अमीनाबीपाशी लेकीचं नाव काढलं की ती पदर डोळ्याला लावायची, म्हणून घरात तो विषय त्यानं बंद केला होता. म्हैस काही रडत नव्हती. तिच्याशी बोलता येत होतं.

गल्लीला हे कळायला चार दिवस लागले. म्हणजे फारच उशीर झाला असं म्हणायचं. भिंतीवरून डोकावणाऱ्या बायकांनी त्याचं नाव 'धाकटी अम्मी' ठेवलं. दुकानात एक बाई खणाचं कापड घेता घेता म्हणाली, "रंग तुमीच सांगा भाईजान, तुमाले बाईमानसाचं समजते." बदरुद्दीननं शेरवानीची गुंडी चाचपून पाहिली आणि काही ऐकू न आल्यासारखं केलं. इज्जतदार माणसाला बहिरेपणाचा फार आधार असतो.

आता इंग्रजीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढची फजिती समजायची नाही.

सरवरीला कुराण वाचता येई, पण लिहिता येत नव्हतं. तिची खबर दिलावर लिही, आणि तो लिही इंग्रजीत. स्टेशनावर दिवसभर तेच लिहून त्याचा हात तसाच वळला होता, शिवाय सासऱ्याला इंग्रजीत लिहिणं त्याला अदबीचं वाटे. पत्र आलं की बदरुद्दीन ते शफीक मास्तरांकडे नेई. उर्दू शाळेतून पेन्शन घेतलेले हे मास्तर वाचायचे मोठ्यानं, इतकं मोठ्यानं की पलीकडचा लोहार हातोडा थांबवून ऐके. आपल्या लेकीला सर्दी झाली हे लोहाराकडून कळायला नको, म्हणून बदरुद्दीन बावन्नाव्या वर्षी पाटी घेऊन मास्तरांपुढे बसला. पाटी सरवरीचीच होती, ती चार दिवस शाळेत गेली तेव्हाची. एका कोपऱ्यात तिनं कधीतरी खिळ्यानं कोरलेली चिमणी होती. रोजचा धडा पुसताना तिच्यावरून बोट फिरे.

वर्षभरात तो पत्र लावायला शिकला. रमजान लागायच्या आधी आलेलं पत्र मात्र अडलं. त्यात लिहिलं होतं की सरवरी हॅज गिव्हन अप टी. प्रत्येक शब्द ओळखीचा, पण सगळे मिळून काय सांगतात ते कळेना. तो मास्तरांकडे गेला.

"तिनं चहा सोडला," मास्तर म्हणाले.

"सोडला मंजे? सांडला का?"

"नाई. चहा, तंबाखू, दारू, उमेद हे सोडलं तर गिव्ह अप." मास्तरांना उत्साह आला. त्यांच्याकडे एक बिनपुठ्ठ्याचं पुस्तक होतं. त्यातलं एक पान त्यांनी काढलं. "किल्ल्या, चार्ज, चोर हे दुसऱ्याच्या हाती दिले तर हँड ओव्हर. हातात धरलेली दोरी सोडली तर लेट गो. जुना कोट फकिराले देऊन टाकला तर गिव्ह अवे."

"आपल्यात तर एका सोडण्यात सारं होते. चहा सोडला, गाव सोडलं, दोरी सोडली."

"आपलं घर लहान, बदरूभाई. एका खुंटीवर सारं टांगते मानूस. इंग्रजाच्या घरात प्रत्येक सोडण्याले निराळी खुंटी." मास्तरांनी पानावर बोट सरकवलं. "लग्नात बाप पोरगी नवऱ्याच्या हाती देते ना, त्यालेही गिव्ह अवे म्हनते हे पुस्तक."

बदरुद्दीननं पान आपल्याकडे ओढलं. "जुना कोट आन पोरगी? एकच शब्द?"

"इंग्रज हाये बावा तो. त्याले कोन सांगावं."

"आन जे द्याची इच्छा नसते, तरी द्याच लागते, त्याले काय म्हनते?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "पार्ट विथ."

बदरुद्दीननं तेवढं एकच पाटीवर लिहून घेतलं.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं की पोरीनं चहा सोडला, बहुतेक अकोल्याचं पाणी बाधलं असावं, हकिमाची पुडी पाठवावी. अमीनाबी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"पानी नाई बाधलं," ती म्हणाली. "मीबी सोडला होता. सरवरीच्या टायमाले." आणि तिनं पिठाचे हात तसेच तोंडाला लावले.

दोन बायकांना जे न लिहिता कळलं त्यासाठी आपण वर्षभर पाटी घासली, हे बदरुद्दीनला तेव्हा लागलं. पण आनंद त्याहून मोठा होता. पत्राच्या खाली मात्र आणखी एक ओळ होती, आणि तिनं त्याची झोप उडवली. ईदला दोघं येणार होते. दिलावर प्रथमच सासुरवाडीत चार दिवस राहणार होता. तो पहाटे उठणारा माणूस. त्याला दिसणार काय? तर सासरा, हिरव्या ओढणीत, म्हशीखाली.

"ते काई नाई," बदरुद्दीन म्हणाला. "ईदच्या आधी म्हस घरातून गेली पायजे."

"अजी, त्यापरीस जावयाले सांगा ना खरं."

"काय सांगू? तुजा सासरा सकाळी तुजी बायको होते, हे सांगू?"

विकायचा प्रश्न नव्हता. लेकीचं जनावर बाजारात उभं करायचं नाही, यावर नवराबायकोचं एकमत होतं. पहिल्यांदा ती मेडशीला अमीनाबीच्या भावाकडे धाडली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दुकानात वाशिमचे पाहुणे लग्नाचा बस्ता बांधत असताना, चांदनी तिथलं दावं तोडून एवढी वाट चालून थेट दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि गादीवर टाकलेलं मलमल चघळू लागली. नवरदेवाच्या मामानं विचारलं, "ही कोन?" बदरुद्दीन म्हणाला, "मी नाई वळखत." तेव्हा चांदनीनं त्याच्या मांडीवर मान ठेवली.

मग गल्लीनं सल्ले दिले. एक म्हणाला मशिदीला द्या. मशिदीत म्हशीचं काय करायचं ते त्यानं सांगितलं नाही. एक म्हणाला जावई येईल त्या चार दिवसांत तुम्हीच मेडशीला जा. शेवटी मास्तरांनी मार्ग काढला. गावाबाहेर, वाशिमच्या वाटेवर, एका मडमेनं नुकताच छोटा दवाखाना काढला होता. रोगी बायांच्या लेकरांसाठी तिला दुभतं जनावर हवं होतं. दान घेताना ती फक्त एक गोष्ट मागे: दात्यानं आपल्या हातानं लिहिलेला अर्ज. दानाच्या वस्तू परत मागायला आलेल्या लोकांनी तिला आधी पिडलं होतं म्हणे.

"इंग्रजीत लिहा," मास्तर म्हणाले. "मालेगावातला पयला कापडवाला, ज्यानं स्वतःच्या हातानं इंग्रजीत म्हस दिली."

हे वाक्य बदरुद्दीनच्या छातीत जाऊन बसलं. तीन दिवस अर्ज चालला. पेच एकच होता, म्हैस सोडताना कोणत्या खुंटीवर सोडायची. गिव्ह अवे लिहायला त्याचा हात वळेना. कोट आणि पोरगी त्याच्या डोक्यातून जात नव्हते. गिव्ह अपनं म्हैस तंबाखूच्या रांगेत जाऊन बसे. मास्तर म्हणाले, सरकारी कागदात एका गोष्टीला पाच शब्द असतात, म्हणजे कोर्टात पळवाट राहत नाही. तेव्हा शेवटी पाचही लिहिले. मी, बदरुद्दीन, चांदनी नावाची एक म्हैस गिव्ह अप, गिव्ह अवे, हँड ओव्हर, पार्ट विथ आणि लेट गो करतो. खाली सही. सहीला मात्र कष्ट पडले नाहीत, तेवढी त्याला पहिल्यापासून येत होती.

बाजाराच्या दिवशी वरात निघाली. पुढे चांदनी, तिच्या दाव्याला धरून बदरुद्दीन, मागे अर्ज धरून मास्तर, त्यांच्या मागे डोक्यावर मोळी घेऊन गोविंदसिंग. गोविंदसिंग वाटेत एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावत होता.

"जनावर द्या, पन दावं देऊ नोका. दावं घरच्या खुंटीवरच राह्यलं पायजे. दाव्यासंग घरची बरकत जाते. माह्या बापानं उभ्या तांड्याची गुरं देल्ली, दावं एक नाई देल्लं."

दवाखान्यात उदयसिंग नावाचा कंपाउंडर होता. त्याच्यापुढे वही होती आणि वहीत रकाने होते. जनावर एक. रंग काळा. शिंगं दोन. दावं...?

"दावं घरी जाईन," बदरुद्दीन म्हणाला.

"जमत नाही. जनावर दाव्यासकट आलं. दाव्यासकटच जमा होईल."

"तुमचं दावं आना ना."

"दवाखान्यात दावं नाही. दावं असतं तर म्हैस नसती का?"

हा युक्तिवाद मास्तरांनाही बिनतोड वाटला. बदरुद्दीन हटेना. ज्या दाव्यानं सरवरी चांदनीला पाण्यावर नेई त्याला तिच्या हातानं पडलेल्या तीन गाठी होत्या, हे तो कोणाला सांगत नव्हता. तो फक्त बरकतीचं बोलत होता. ही हुज्जत तासभर चालली, तोवर चांदनीनं मडमेची झेंडूची आख्खी रांग खाल्ली. अखेर गोविंदसिंगानं शिवी हासडली, डोक्यावरची मोळी खाली टाकली, तिची दोरी सोडून चांदनीच्या गळ्यात बांधली. लाकडं अंगणभर विखुरली. वहीत लिहिलं गेलं: दावं एक, नवं. सरवरीचं दावं बदरुद्दीननं गुंडाळून शेरवानीच्या खिशात घातलं. एक बाजू टम्म फुगली.

आवाज ऐकून मडम बाहेर आली. साठीची, उन्हानं भाजलेली बाई, मराठी तोडून बोलायची. तिनं अर्ज वाचला. दोनदा वाचला. हसली नाही, हे तिचं मोठेपण. फक्त डोळे बारीक केले.

"बदरुद्दीन, येथे पाच गोष्टी आहेत. यातली खरी कोणती?"

बदरुद्दीननं चांदनीकडे पाहिलं. ती शेवटचा झेंडू चावत होती.

"हँड ओव्हर, मडम," तो म्हणाला. "तेवढं आजच्या तारखेले होऊन राह्यलं."

"आणि बाकीच्या चार?"

"त्या अजून मले येत नाईत."

मडमेनं अर्ज घडी करून आपल्या खिशात ठेवला, वहीत नाही.

धार कशी काढायची ते सांगणं भाग होतं. बदरुद्दीननं घसा साफ केला, पिशवीतून ओढणी काढली आणि उदयसिंगाच्या हाती दिली. देताना त्याची बोटं थोडी मागे राहिली. ही गेली की घरात सरवरीच्या वासाचं काही उरणार नव्हतं. उदयसिंगानं मिशीवरून ओढणी घेतली, रोगी बायांनी तोंडावर पदर घेतले, आणि तो खाली बसला. पुढं काय झालं ते अंगणाच्या पलीकडल्या टोकाला ठरलं, कारण उदयसिंग तिथंच पोचला होता. दुसऱ्यांदा बसला, दुसऱ्यांदा पोचला.

"ओढनी बराबर हाये," गोविंदसिंग लाकडं गोळा करता करता म्हणाला. "ओढनीतला मानूस चुकला."

म्हणजे निष्पन्न असं झालं. आधी बदरुद्दीन आपल्या घरात, दार लावून, एका म्हशीपुढे ओढणी घेत असे. आता तो रोज सकाळी ओढणी पिशवीत घालून गावाबाहेर जाऊ लागला, आणि वीस-पंचवीस रोगी, त्यांचे नातेवाईक आणि एक मडम यांच्यादेखत ती घेऊ लागला. बाया दुखणं विसरून लवकर येऊ लागल्या. एक म्हातारी बरी होऊनही आठ दिवस येत राहिली. बदरुद्दीननं कोणाकडे पाहिलं नाही. तो कपाळ टेकवी आणि बोले. "सरवरी येते बरं ईदले. दोन जीवाची हाये." आणि बादली भरे. घरी परतताना मात्र त्याला गंमत वाटे, की म्हैस दिल्याचं दुःख करायला दिवसभरात वेळच मिळत नाही.

ईदला दोन दिवस राहिले असताना मोटार आली. सरवरी उतरली. अमीनाबीनं तिला धरलं ते सोडेना. बदरुद्दीन दोन पावलं मागे उभा राहून सामान मोजत होता, पुन्हापुन्हा मोजत होता, नग तीनच होते. सरवरी जवळ आली, तेव्हा तिच्या केसांना दुसऱ्याच तेलाचा वास होता. अकोल्याच्या.

सकाळी तो नेहमीसारखा उठला आणि "एका गिऱ्हाइकाकडे जाऊन येतो" म्हणून सटकला. हिशेब पक्का होता. जावई घरी आहे, दवाखाना गावाबाहेर आहे. पण अमीनाबीनं पहिलटकरणीला मडमेला एकदा दाखवून घ्यायचं रात्रीच ठरवलं होतं, आणि ते नवऱ्याला सांगायचं राहून गेलं होतं. निम्मी बादली भरत आली होती. बदरुद्दीनला चांदनीच्या पोटाखालून आधी रेल्वेच्या खाकी विजारीचे दोन पाय दिसले, आणि त्यांच्या शेजारी आपल्या मुलीच्या चपला.

त्यानं गाठ सोडायचा प्रयत्न केला. हनुवटीखालची गाठ अशा वेळी सुटत नाही. दिलावर चांगला शिकलेला माणूस, रोज अनेक तऱ्हांची पार्सलं पाहणारा, पण असं पार्सल त्याच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं. तो क्षणभर उभा राहिला, मग वाकून बादलीला हात लावला.

"सलाम आलेकुम, अब्बा. बादली मी धरतो. कलंडून राह्यली."

एवढंच. पुढे आयुष्यभर त्यानं हा विषय काढला नाही. जावई फार तर एवढाच चांगला असू शकतो.

सरवरी मात्र हसत सुटली होती. "अब्बा, माही ओढनी! द्या इकडं. सरका तुमी, मी काढते. पाहा कशी देते मले चांदनी." तिनं स्वतः त्याच्या हनुवटीखालची गाठ सोडवली, ओढणी घेतली आणि बसली. चांदनीनं तिला हुंगलं. वरपासून खालपर्यंत हुंगलं. मारलं नाही, लाथ उचलली नाही. पण पान्हा चोरला. सरवरीनं पुचकारलं, थोपटलं, लहानपणीचं गाणं म्हटलं. बादलीत आणखी एक थेंब आला नाही. चांदनी मान वळवून बदरुद्दीनकडे पाहत होती.

सरवरीचं हसू हळूहळू उतरलं. "अब्बा," ती म्हणाली, "हे तर मले विसरून गेली."

"नाई बेटा. रोज तुजं नाव आयकते ते."

"आयकत असन. वळखत नाई."

बदरुद्दीननं बादली उचलली. घरी जाताना ती म्हणाली, "आमच्या घरी एक मांजर येते, ते वळखते मले." आमच्या घरी म्हणजे अकोल्याला. तिनं ते सहज म्हटलं. त्यानंही सहज ऐकल्यासारखं केलं.

दिलावर चार दिवसांनी गेला, सरवरी बाळंतपणाला राहिली. मडमेच्याच हातून मुलगी झाली. बदरुद्दीनला ते सहा महिने कसे गेले ते कळलं नाही. दुकानात तो आता गिऱ्हाईक आलं की लगेच मान वर करी, लवकर कापड देई आणि घरी पळे. चाळीस दिवस पुरे झाले, दिलावर घ्यायला आला, आणि पुन्हा मोटारीपाशी सामान आलं. या खेपेला नग सात होते.

"बाळाला झोळी पायजे तिकडं," अमीनाबी म्हणाली. "क्वार्टरात कडी तरी हाये का?"

"कडी हाये," दिलावर म्हणाला. "दोरी पाहावी लागेल."

बदरुद्दीन घरात गेला. खुंटीवरून त्यानं तीन गाठींचं दावं काढलं. बाहेर ओट्यावर गोविंदसिंग होता, बाजाराचाच दिवस होता. त्यानं तोंड उघडलं. "बदरूभाई, दावं..." आणि बाळाकडे पाहून मिटलं. मग बदरुद्दीननं पिशवीतून ओढणी काढली. ती आता मऊ झाली होती, धुऊन धुऊन. एकदा नाकाशी नेली. तिला चांदनीचाच वास येत होता, दुसरा कोणताच नाही. दाव्याभोवती गुंडाळून त्यानं ती सरवरीच्या मांडीवर ठेवली.

"अब्बा, मंग म्हशीचं?"

"पाहू."

मोटार सुरू झाली. सरवरीनं खिडकीतून त्याचा हात धरला होता. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. बदरुद्दीन दोन-चार पावलं मोटारीसंगं चालला, मग त्यानं बोटं उघडली. मोटार वळणाआड जाईपर्यंत मास्तर शेजारी उभे राहून त्या उघड्या बोटांकडे पाहत होते. 

दुसऱ्या सकाळी तो ओढणीशिवाय, नुसत्या टोपीवर दवाखान्यात गेला. रोगी बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. उदयसिंग आधीच अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. बदरुद्दीननं बादली लावली, चांदनीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि म्हणाला, "गेली बेटा. सुखरूप पोचली असन. बाळ मोटारीत झोपूनच होतं."

चांदनीनं पान्हा सोडला. बादली भरली, वर फेस आला.

बातमी त्याच्या आधी घरी पोचली. अमीनाबी दारातच उभी होती.

"म्हंजे ओढनी नाई लागत होती?"

"नाई लागत."

"कधीपासून?"

"कोनाले मालूम. कधी काढून पाह्यली नाई."

"दीड वर्स गल्ली हासली, दवाखाना हासला, जावयानं पाह्यलं. अन् एक दिवस काढून नाई पाह्यली? काहून?"

मडमेनं घरापुरत्या दिलेल्या दुधाचा लोटा बदरुद्दीननं तिच्या हाती दिला, आणि रिकाम्या खुंटीवर टोपी अडकवून पाटी घेऊन बसला. दिलावरला इंग्रजीत पत्र लिहायचं होतं, आधी पाटीवर, मग कागदावर. सलाम लिहिला, खुशाली लिहिली. मग पाच खुंट्यांपैकी एकीपाशी, पार्ट विथपाशी, येऊन पेन्सिल थांबली. कोपऱ्यातल्या चिमणीवर त्याचं बोट फिरत राहिलं. अमीनाबी दूध तापवायला विसरून तिथंच, दारात, लोटा धरून उभी होती.